हसायचं कुणाला?

विनोदावरून आपल्याकडे भांडण पेटलं की दोन फळ्या पडायला वेळ लागत नाही. एक फळी म्हणते, आमच्या भावना दुखावल्या, गुन्हा दाखल करा. दुसरी म्हणते, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, झेपत नसेल तर ऐकू नका. मार्च २०२५ मध्ये एका राजकीय विनोदाची चित्रफीत बाहेर आली आणि तो कार्यक्रम जिथे झाला होता त्या मुंबईतल्या खारच्या जागेची मोडतोड झाली, तेव्हाही याच दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. मोडतोडीचं समर्थन कुठल्याही कारणाने होऊ शकत नाही, आणि विनोद पोलीस ठाण्यात नेल्याने कुणाचंही भलं झालेलं नाही. याबाबतीत माझी बाजू पक्की आहे. पण या गदारोळात सगळी ताकद ‘बोलू द्यायचं की नाही’ एवढ्यावरच खर्च होते आणि त्याच्या पुढचा प्रश्न मागे पडतो. बोलायची मोकळीक आहे असं धरलं, माइक हातात आला, समोर माणसं बसली. आता हसायचं कुणाला?

कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर सापडणार नाही. ते काम करता करताच सापडतं. अमेरिकेत एका माणसाने १९३२ ते १९५५ अशी तेवीस वर्षं रेडिओवर हे काम केलं, त्यातला बहुतेक काळ दर रविवारी संध्याकाळी सात वाजता. त्याचं नाव जॅक बेनी. त्याच्या कारकिर्दीकडे आपण जुन्या काळच्या करमणुकीचा एक नमुना म्हणून पाहू नये, असं मला कळकळीने वाटतं. आज आपल्यासमोर असलेल्या प्रश्नाचं एक तपशीलवार उत्तर तिच्यात आहे, आणि त्या उत्तरातले दोषही तिथेच उघडे पडलेले आहेत.

बेनीचा जन्म १४ फेब्रुवारी १८९४ चा, शिकागोचा. मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. मिशिगन सरोवराच्या काठच्या वॉकीगन गावात वडिलांनी आधी दारूचा गुत्ता चालवला, मग कपड्यांचं दुकान टाकलं. मुलाने मोठा व्हायोलिनवादक व्हावं ही घरची इच्छा. मुलगा शाळेत टिकला नाही, गावातल्या थिएटरच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला आणि तिथून फिरत्या करमणुकीच्या रंगमंचांवर, म्हणजे व्हॉडव्हिलमध्ये गेला. यान कुबेलिक या नामांकित व्हायोलिनवादकाच्या बाजूने नावाबद्दल आक्षेप आला म्हणून त्याने नाव बदललं. नंतर बेन बर्नी या दुसऱ्या कलाकाराशी नाव जुळतं म्हणून पुन्हा बदललं. पहिल्या महायुद्धात तो ग्रेट लेक्सच्या नौदल तळावर होता. तिथे खलाशांनी त्याच्या व्हायोलिनची टर उडवली, तेव्हा तो वाजवायचं थांबवून बोलू लागला आणि माणसं हसली, असं तो पुढे सांगत असे.

१९३२ च्या मार्चमध्ये एड सुलिव्हनच्या रेडिओ कार्यक्रमात तो पहिल्यांदा बोलला. आपलं नाव सांगून पुढे म्हणाला, आता जरा थांबतो, तेवढ्यात तुम्ही ‘मग आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणून घ्या. रेडिओवरचं जवळजवळ पहिलंच वाक्य, आणि ते स्वतःवर. मे महिन्यात त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. सुरुवातीला तो दोन गाण्यांच्या मध्ये चुटके सांगणारा निवेदकच होता. पुढे हॅरी कॉन या लेखकाबरोबर काम करताना कार्यक्रमाचं रूप पालटलं. चुटके मागे पडले आणि कार्यक्रम करणाऱ्या मंडळींचीच गोष्ट सुरू झाली. मालक जॅक बेनी, त्याची नोकरमाणसं, त्याचं घर, त्याची खटारा मॅक्सवेल गाडी, तळघरातली त्याची तिजोरी.

या गोष्टीतला जॅक बेनी हा कमालीचा चिक्कू माणूस. वय विचारलं की एकोणचाळीस, मग कितीही वर्षं उलटोत. आपण देखणे आहोत आणि उत्तम व्हायोलिन वाजवतो हा त्याचा समज. प्रत्यक्षातला बेनी सढळ हाताचा होता आणि त्याचं व्हायोलिनही बरं होतं. पण मुखवटा चढवताना त्याने स्वतःचंच नाव वापरलं. चिक्कूपणाचं खापर फोडायला दुसरं काल्पनिक नाव घेतलं असतं तर चाललं असतं. त्याने ते केलं नाही, म्हणून रस्त्यात भेटणारी माणसंही त्याला चिक्कू समजून चालायची.

आता त्याच्याभोवतीची माणसं पाहा. मेरी लिव्हिंगस्टन ही खऱ्या आयुष्यातली त्याची बायको, मूळची सेडी मार्क्स. ती लॉस एंजेलिसच्या मे कंपनीच्या दुकानात कामाला होती. १९२७ मध्ये त्यांचं लग्न झालं. कार्यक्रमात ती बायको नसून एक फटकळ मैत्रीण होती. जॅकने फुशारकी मारायची आणि मेरीने एका वाक्यात ती उतरवायची, हा नेम. (माइकसमोर उभं राहायची तिला एवढी धास्ती होती, की शेवटच्या वर्षांत तिची वाक्यं घरी ध्वनिमुद्रित करून कार्यक्रमात जोडली जात. ऐकताना याचा संशयही येत नाही.) निवेदक डॉन विल्सन, वाद्यवृंदाचा मुख्य फिल हॅरिस, १९३९ पासूनचा गायक डेनिस डे, मालकाचं हिरवळ कापायचं कामही ज्याच्या गळ्यात पडायचं तो. आणि मेल ब्लँक, जो बंद पडत धडपडत सुरू होणाऱ्या मॅक्सवेल गाडीचा आवाज स्वतःच्या घशातून काढायचा आणि बेनीचा वैतागलेला व्हायोलिनशिक्षकही व्हायचा. ही सगळी माणसं मालकाच्या तोंडावर मालकाला बोलायची. कार्यक्रमाला नाव बेनीचं, पैसा बेनीचा, पण सर्वात चांगली वाक्यं दुसऱ्यांच्या वाट्याला. हशा कुणाला मिळाला याची फिकीर त्याने केली नाही. हशा आपल्या कार्यक्रमात झाला, एवढं त्याला पुरत होतं.

हे १९३२ साली सुरू झालं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ती महामंदीची वर्षं. काम करू शकणाऱ्या दर चारांपैकी जवळजवळ एक जण बेकार होता, आणि ज्यांना काम होतं त्यांचे पगार कापले जात होते. मालकाला उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. अशा घरांमध्ये रविवारी संध्याकाळी एक चिक्कू मालक ऐकू यायचा आणि त्याची माणसं त्याला सरळ सुनवायची. शेवटी हरायचा तो मालकच. त्याच्यावर हसताना कुणाला गिल्टी वाटायचं कारण नव्हतं, कारण तो वर होता आणि हसणारे खाली. बेनीने यावर भाषण कधी दिलं नाही. त्याने पात्रांची मांडणीच अशी केली होती, की हशा आपोआप वरच्या दिशेला जाई.

इथे एक अवघड जागा आहे. ज्यू माणूस म्हणजे पैशाला चिकटलेला, ही युरोप-अमेरिकेतली जुनी, विषारी समजूत. तिसाच्या दशकाच्या शेवटी फादर कॉफलिन नावाचा धर्मगुरू अमेरिकन रेडिओवरून उघड ज्यूद्वेष पसरवत होता आणि त्याचे श्रोतेही लाखांनी होते. त्याच माध्यमात एका ज्यू कलाकाराने पैशाला चिकटलेल्या माणसाची भूमिका वर्षानुवर्षं करायची, म्हणजे विस्तवाशी खेळ होता. बेनीने काय केलं? त्याच्या पात्राला ज्यू उच्चार दिले नाहीत, ज्यू चालीरीती दिल्या नाहीत. त्याचा जॅक बेनी नाताळाची खरेदी करायचा आणि दुकानातल्या विक्रेत्याला जीव नकोसा करायचा. चिक्कूपणा हा एका माणसाचा दोष राहिला, जमातीचा झाला नाही. याला दुसरी बाजूही आहे: ज्यू हेल काढून बोलणारी पात्रं कार्यक्रमात होतीच, ती इतर नटांकडे होती, आणि बेनी स्वतः मात्र ‘सर्वसाधारण अमेरिकन’ म्हणून वावरत होता. यात आपली ओळख झाकण्याचा भाग होता, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तरीही समूहाला चिकटवलेला दोष समूहापासून सोडवून स्वतःच्या एकट्याच्या अंगावर घेणं ही मोठी गोष्ट होती. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. एका माणसाची लकब दाखवायची आणि ती त्याच्या गावाच्या, जातीच्या, प्रांताच्या नावावर टाकायची.

स्वतःवर घेतलेल्या हशाचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा एक पुरावा आहे. १९४५ च्या शेवटी बेनीच्या लेखकांनी एक स्पर्धा काढली: ‘मला जॅक बेनी सहन होत नाही, कारण...’ हे वाक्य पूर्ण करून पाठवा. बक्षिसांची एकूण रक्कम दहा हजार डॉलर. अडीच लाखांहून जास्त पत्रं आली. ज्यू म्हणून शिव्याशाप येतील अशी भीती होती. तसली पत्रं एवढ्या ढिगात फारच थोडी निघाली. पहिलं बक्षीस मिळालेलं उत्तर आठ ओळींच्या पद्याचं होतं आणि ते रोनाल्ड कोलमन या नटाने कार्यक्रमात वाचलं. त्यात बेनीची बढाई, जुनाट विनोद, व्हायोलिन, भित्रेपणा, हाव, सगळ्यांचा समाचार घेतला होता. आणि शेवटी लिहिलं होतं की हा जे जे दाखवतो त्यात मला माझेच दोष दिसतात, म्हणून हा सहन होत नाही.

या शेवटच्या दोन ओळींत माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग आला. विनोदवीर दुसऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा आपणही त्याच्या बोटामागे उभे राहतो आणि सुरक्षित होतो. तो स्वतःकडे बोट दाखवतो तेव्हा लपायला जागा उरत नाही. घरात बिल पाहून कपाळावर आठ्या घालणारा, वय लपवणारा, आपल्याला जमतं असं समजून गाणारा माणूस ऐकणाऱ्याला स्वतःतच सापडतो.

अशा विनोदाला वेळ लागतो. २८ मार्च १९४८ चा प्रसंग प्रसिद्ध आहे. रोनाल्ड कोलमनला आठच दिवसांपूर्वी ऑस्कर मिळालं होतं. गोष्टीत तो बेनीचा शेजारी. बेनी त्याच्याकडून ते ऑस्कर मागून घेतो आणि रात्री पायी घरी येताना एक लुटारू त्याला अडवतो. म्हणतो, ‘पैसे देतोस की जीव?’ त्यावर शांतता. रेडिओत शांततेइतकी भीती कशाचीच नसते, कारण आवाज थांबला की ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. पण इथे सभागृहातली माणसं त्या शांततेतच हसू लागतात. लुटारू पुन्हा दरडावतो, अरे, विचारलं ना मी, पैसे की जीव? आणि बेनी कळवळून म्हणतो, ‘विचार करतोय ना!’

या वाक्याची जन्मकथा लेखकांपैकी मिल्ट जोसेफ्सबर्गने सांगितली आहे. त्याने लुटारूचं वाक्य सुचवलं आणि सहकारी जॉन टॅकाबेरीकडे उत्तर मागितलं. टॅकाबेरी पडून राहिलेला, काही बोलेना. जोसेफ्सबर्ग वैतागून म्हणाला, अरे काहीतरी सुचव. तो म्हणाला, विचार करतोय. आणि वाक्य सापडलं. हा किस्सा आवडीने सांगितला जातो, आणि या हशाच्या लांबीबद्दल नंतर दंतकथाही झाल्या. मला महत्त्वाची वाटते ती त्या शांततेमागची सोळा वर्षं. ती शांतता दुसऱ्या कुणी घेतली असती तर कुणी हसलं नसतं. बेनीचं पात्र सोळा वर्षं एकाच निष्ठेने उभं केलेलं होतं, म्हणून त्या न बोललेल्या क्षणात त्याच्या डोक्यात कसली बेरीज-वजाबाकी चाललीय हे प्रत्येकाला ऐकू आलं. त्यात कुणाची जात नाही, कुणाचं शरीर नाही, कुणाचं व्यंग नाही. एवढा मोठा हशा एवढ्या कमी ऐवजावर.

पण बेनीला सोवळ्यात बसवून ही चर्चा पुढे नेता येणार नाही. डॉन विल्सनच्या पोटाच्या घेरावर त्याच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं विनोद झाले, फिल हॅरिसच्या पिण्यावर झाले. ते दोघेही परतफेड करू शकत होते आणि करायचे, हा एक फरक. खरा डाग मात्र दुसरीकडे आहे. तो रॉचेस्टरच्या बाबतीत.

एडी अँडरसन हा काळा अमेरिकन नट, जन्म १९०५, ओकलंड. त्याचा घोगरा आवाज लहानपणी रस्त्यावर ओरडून वर्तमानपत्रं विकल्यामुळे तसा झाला, असं तो सांगे. २८ मार्च १९३७ ला तो बेनीच्या कार्यक्रमात आगगाडीतला हमाल म्हणून एकदाच येणार होता. लोकांना तो इतका आवडला की त्याला परत बोलावलं गेलं आणि त्याच वर्षी तो बेनीचा घरगडी रॉचेस्टर झाला. देशभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओ कार्यक्रमात कायमची भूमिका मिळालेला तो पहिला काळा कलाकार मानला जातो. दक्षिणेतल्या राज्यांमध्ये तेव्हा कायद्यानेच काळ्यांना वेगळं बसवलं जात होतं. त्या काळात एक काळा नोकर गोऱ्या मालकाला फोनवरून टोमणे मारतो, त्याचं खोटं उघडं पाडतो आणि हशा घेऊन जातो, ही साधी गोष्ट नव्हती.

तरीही सुरुवातीच्या वर्षांतला रॉचेस्टर फासे खेळणारा, दारूवर जीव असणारा, वस्तरा बाळगणारा, कामचुकार असा होता. गोऱ्या अमेरिकेने काळ्या माणसाबद्दल रंगवलेलं ठरीव चित्र त्याच्यात पुरेपूर भरलेलं होतं. एडी अँडरसन हे सगळं बहारदार करायचा, म्हणून ते कमी अन्यायाचं ठरत नाही. बेनी स्वतःवर हशा घेत होता तेव्हाच त्याच्या कार्यक्रमातला दुसरा हशा एका दबलेल्या समाजाच्या माथी जात होता. दोन्ही गोष्टी एकाच अर्ध्या तासात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेनीच्या मनात बदल झाला. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने युरोपात काय केलं हे समोर आल्यावर रॉचेस्टरच्या वंशावर बेतलेले विनोद नकोत, असं त्याने लेखकांना सांगितलं. सवय एकदम सुटली नाही. १९५० च्या सुरुवातीला त्याच्या चमूने दहा-एक वर्षांपूर्वीची एक जुनी संहिता पुन्हा वापरली, तिच्यात ते जुने विनोद तसेच राहिले होते, आणि काळ्या श्रोत्यांकडून निषेध आला. त्यानंतर काळजी आणखी वाढली. या सगळ्यात कायदा नव्हता, पोलीस नव्हते, कुणी स्टुडिओ फोडला नव्हता. काही श्रोत्यांनी सांगितलं, हे आम्हाला लागतं. आणि कार्यक्रम चालवणाऱ्याने ते ऐकलं.

ज्यांना वाटतं की सगळं वगळत गेलं तर विनोद उरतो कुठे, त्यांनी पुढची वर्षं ऐकून पाहावीत. रॉचेस्टर कमी झाला नाही, वाढला. मालकाचा चिक्कूपणा, त्याची व्हायोलिनची तालीम, त्याच्या गुपितांवर रॉचेस्टरची नजर, हे आता दोघांच्या नात्यातले विनोद झाले. काही वेळा घरातला शहाणा माणूस तोच. अर्थात सगळं सुटलं नाही. बहुतेक गोऱ्या सहकाऱ्यांसाठी मालक ‘जॅक’ होता, रॉचेस्टरसाठी शेवटपर्यंत ‘मिस्टर बेनी’. गडी गडीच राहिला. ही मर्यादा मान्य करूनच मी बेनीचं कौतुक करतो.

आता एक आक्षेप. स्वतःवर हसणारा विनोद बिनविषारी असतो, सत्तेला त्याचा त्रास होत नाही, मग समाजाला त्याचा उपयोग काय? हा आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला बेनीचा समकालीन फ्रेड ॲलन उभा आहे. मॅसॅच्युसेट्सचा हा माणूस, खरं नाव जॉन फ्लॉरेन्स सुलिव्हन, अमेरिकन रेडिओवरचा सर्वात तिखट जिभेचा विनोदकार. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने बेनीच्या व्हायोलिनची खोडी काढली आणि दोघांनी मिळून पुढची कित्येक वर्षं एक लुटुपुटीचं भांडण रंगवलं. प्रत्यक्षात ते जिवलग मित्र होते. ॲलनचा मारा बेनीवर थांबला नाही. तो राजकारण्यांवर गेला, जाहिरातदारांवर गेला, आणि ज्या एनबीसी या रेडिओ कंपनीवरून तो बोलत होता तिच्या उपाध्यक्षांवर गेला. २० एप्रिल १९४७ च्या कार्यक्रमात त्याने उपाध्यक्षांवरचा विनोद केला आणि एनबीसीने त्याचा आवाज पस्तीस सेकंद बंद केला. देशभर त्याची चर्चा झाली.

ॲलनसारखी माणसं हवीतच. मुंबईत ज्या विनोदामुळे मोडतोड झाली तो याच जातीचा होता, सत्तेकडे तोंड करून केलेला, आणि त्याच्या बाजूने उभं राहणं हे आपलं काम आहे. पण बेनी आणि ॲलन यांना समोरासमोर उभं करायची गरज नाही. एकाने स्वतःवर हसवलं, दुसऱ्याने वरच्या माणसांवर. हशा खाली ढकलणं हा दोघांचाही मार्ग नव्हता. निदान त्यांच्या उत्तम कामात तरी.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ‘स्वतःवर हसा’ हा नियम सगळ्यांना सारखा लावता येत नाही. बेनीने स्वतःला चिक्कू म्हटलं तेव्हा त्याचं काही गेलं नाही; कार्यक्रम त्याचा होता. पण जाड म्हणून हिणवली गेलेली नटी जेव्हा स्वतःच्या जाडीवर विनोद करते, काळ्या रंगाची मुलगी रंगावर करते, गावाकडून आलेला मुलगा आपल्या बोलीवर करतो, तेव्हा लोकांना हवं तेच ती माणसं देत असतात. त्याला आपण खिलाडूपणा म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. अनेकदा काम मिळवायची तीच अट असते. म्हणून बेनीचं उदाहरण मी विनम्रतेचा धडा म्हणून देत नाही. माझं म्हणणं एवढंच: कार्यक्रमात ज्याच्या हातात सगळ्यात जास्त सत्ता आहे, त्याने पहिला फटका स्वतःवर घ्यावा. ज्याचं नाव पाटीवर आहे त्याने. पगार जो ठरवतो त्याने.

या कसोटीवर मराठी दूरचित्रवाणीवरच्या विनोदी प्रहसनांकडे पाहा. मंचावर गुणी नट आहेत, काहींची विनोदाची जाण थक्क करणारी आहे. आणि हशा कुठून येतो? साडी नेसलेल्या पुरुषाकडून. नटीच्या वजनावरून. तोतरेपणावरून, तिरळेपणावरून, टकलावरून. उत्तर भारतीय वॉचमनच्या हिंदीवरून, वऱ्हाडी किंवा मालवणी हेलावरून. समोर कोचावर पाहुणे बसलेले असतात, नव्या सिनेमाच्या प्रसिद्धीला आलेले, आणि मंचावरचा एकही विनोद त्या कोचापर्यंत पोचत नाही. त्यांचं काम फक्त हसण्याचं. बेनीच्या कार्यक्रमात कोलमनसारखा मोठा नट यायचा तो शेजारी म्हणून बेनीला कंटाळण्यासाठी. हशा कार्यक्रमाच्या मालकावर, पाहुण्याच्या तोंडून. आपल्याकडे सत्तेची सगळी माणसं कोचावर सुरक्षित आणि हशा सगळा मंचावरच्या सर्वात दुबळ्या पात्रावर.

हे आपल्या परंपरेत नव्हतं असं नाही, पण आपल्या परंपरेत याहून वेगळंही बरंच होतं. चि. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगतो. गोष्ट सांगणाराच गोष्टीतला बावळट, आणि वाचणारा पांढरपेशा कारकून त्याच्यात स्वतःला ओळखतो. मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ नावाची श्रुतिका लोकांनी वर्षानुवर्षं कान देऊन ऐकली. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी एवढ्या तीन माणसांच्या बोलण्यावर ती उभी होती. घरातले साधे विषय, महागाई, कचेरी, शेजार. कुणाचं शरीर दाखवायची रेडिओत सोयच नव्हती, त्यामुळे हशा स्वभावातूनच काढावा लागे. रेडिओच्या या सक्तीने लेखकाला जी शिस्त लावली, तिची मला आज फार आठवण येते. कॅमेरा आला आणि ती सक्ती संपली. पोट दाखवलं की हशा, मग वाक्य लिहिण्याचे कष्ट कशाला?

लेखकांवरच खापर फोडणंही बरोबर नाही. बेनीकडे १९४३ पासून सॅम पेरिन, जॉर्ज बाल्झर, जोसेफ्सबर्ग आणि टॅकाबेरी हे चार लेखक होते, आणि त्या चौघांना मिळून आठवड्याला एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम लिहायचा असे. त्यांना चांगले पैसे मिळत, आणि तीच माणसं वर्षानुवर्षं टिकली म्हणून पात्रांना स्मृती आली. आपल्या वाहिन्यांवर आठवड्यातून अनेक भाग भरायचे असतात. घाईत हाताला लागेल तो विनोद उचलला जातो, आणि सर्वात जवळ असतं ते समोरच्याचं शरीर. लेखकाला वेळ आणि पैसा देणं हा निर्मात्याचा आणि वाहिनीचा निर्णय आहे. सभ्यतेचे नियम लिहून तो प्रश्न सुटणार नाही.

बेनीचा रेडिओ कार्यक्रम मे १९५५ मध्ये संपला. दूरचित्रवाणीवर तो १९५० पासून होताच, आणि १९६५ पर्यंत राहिला. १९५६ पासून पुढे देशोदेशीच्या मोठ्या वाद्यवृंदांसमोर उभा राहून त्याने आपलं बदनाम व्हायोलिन वाजवलं आणि त्या तिकिटांतून अडचणीतल्या वाद्यवृंदांसाठी लाखो डॉलर उभे केले. लोक त्याच्यावर हसायला पैसे मोजायचे आणि पैसे वादकांना मिळायचे. २६ डिसेंबर १९७४ ला तो गेला.

मराठी वाहिन्यांना एक गोष्ट एका हंगामापुरती करून पाहता येईल. पाहुण्यांच्या कोचावर बसणाऱ्याने आधी कबूल करायचं की प्रहसनात त्याच्यावरही विनोद होईल, आणि त्यातली वाक्यं मंचावरच्या सर्वात लहान भूमिकेतल्या नटाला द्यायची. प्रहसनात वाहिनीचा मालक, निर्माता आणि सूत्रसंचालक ही तीन पात्रं ठेवायची आणि त्यांना त्यांच्याच नावाने हाक मारायची. वजन, रंग, व्यंग आणि बोली यांवरची वाक्यं पहिल्या वाचनातच बाजूला काढून ठेवायची. लेखकांना त्या हंगामात आठवड्याला एकच भाग लिहायला लावायचा.